मोटारीचें अस्तर

म्हसळ्यास आमच्या एका आप्तांच्या अंगणांत जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. तिची दुरुस्ती चालली असतां दारांच्या आंतील फाटकें रेक्झिन बदलावें कीं जपावें, असा वाद निघाला. वरवर पाहतां हा कारागिराचा प्रश्न. आमच्या मतें तो इतिहासाचाहि आहे.

वालचंद हिराचंद यांनीं 1944 सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत पुढें फियाट 1100 तयार होऊं लागली. तिचेंच पद्मिनी हें उत्तरकालीन नांव. रेक्झिन हें मुळांत मँचेस्टरजवळील हाइड येथील एका कंपनीचें व्यापारी नांव. तें कापड नायट्रोसेल्युलोजचा लेप देऊन केलेलें असे. कालांतरानें विनाइलचा लेप आला, तथापि आपण नवी वस्तु जुन्याच नांवानें ओळखतों. म्हणजे अस्सल म्हणून जें जपावयाचें, तें मुळींच चामड्याचें सोंग!

विनाइलास मऊ ठेवणारें द्रव्य उन्हानें व काळानें निघून जातें आणि तें तडकतें; कोंकणच्या दमट हवेंत मागील हार्डबोर्ड फुगतो तो निराळाच. तेव्हां बदल अपरिहार्य होता. परंतु कारागिरानें काचेचें हँडल सोडवून पॅनेल उतरविलें, तों मागें दुमडलेल्या कांठांत, जेथें ऊन कधीं पोंचलें नव्हतें, मूळचा निळा रंग जसाच्या तसा आढळला. दर्शनी भाग आम्ही इतकीं वर्षें करडा समजत होतों! नवें रेक्झिन त्या कांठाशीं ताडून आणविलें आणि शिवणींमधील अंतरें मोजून ठेविलीं.

मुंबईच्या टॅक्सींतून पद्मिनी 2023 सालीं निवृत्त झाली. असे कांठ आतां थोडेच उरले असतील. जुनें रेक्झिन आम्हीं गुंडाळून माळ्यावर ठेवविलें आहे. आप्त त्यास अद्यापि केरच म्हणतात.