लिखितक चोर आणि हजेरीचे दप्तर

पोलीस ठाण्याच्या दप्तरात ज्याचे नाव एकदा चढले, त्याला काम कोणी द्यावे, हा प्रश्न आधुनिक वाटतो. वस्तुतः पालि वाङ्मयात तो स्पष्टपणे येऊन गेला आहे आणि त्याची दोन उत्तरे तेथे आढळतात. ती दोन्ही उत्तरे समोर ठेवून आपल्याच पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या तालुक्यांकडे पाहावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अंगुलिमालाची कथा वाचकांस परिचित आहे. मज्झिमनिकायातील सुत्तात राजा पसेनदि पाचशे घोडेस्वारांसह ज्याला पकडावयास निघतो, तोच मुंडन करून, काषाय वस्त्रे परिधान करून भगवंतांजवळ बसलेला त्याला दिसतो. राजा त्याला चीवर, पिंडपात, शयनासन व औषधे देऊ करतो. येथवरची कथा आपल्या प्रवचनांत नेहमी येते. विनयपिटकात तिचा जो पुढचा भाग आहे, त्याविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. महावग्गाच्या पहिल्याच खंधकात असे सांगितले आहे की, अंगुलिमाल भिक्षू झाल्यावर त्याला पाहून लोक भयभीत होत, दुसऱ्या वाटेने जात, तोंड फिरवीत, दारे लावून घेत. लोकांनी तक्रार केली आणि भगवंतांनी नियम घालून दिला की ‘धजबन्ध’ चोराला, म्हणजे ज्याची कुप्रसिद्धी ध्वजासारखी फडकत आहे अशाला, प्रव्रज्या देऊ नये.

त्यालाच लागून आणखी नियम येतात. बंदिशाळा फोडून आलेला, चाबकाचे फटके खाल्लेला, डाग दिलेला, ऋणको, दास, यांनाही प्रव्रज्या नाही. या मालिकेत एक शब्द आमच्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. तो म्हणजे ‘लिखितक’ चोर. एक मनुष्य चोरी करून पळाला व भिक्षू झाला. राजाच्या अंतःपुरात मात्र त्याच्याविषयी लिहून ठेवलेले होते की, जेथे दिसेल तेथे त्याला ठार करावे. लोकांनी त्याला ओळखले आणि पुन्हा तक्रार झाली. ज्याच्याविषयी राजदरबारी लिहून ठेवलेले आहे, त्याला संघात घेऊ नये, असा नियम त्यातून झाला. गुन्हेगाराच्या लेखी नोंदीमुळे दार बंद होण्याचे याहून प्राचीन उदाहरण आमच्या वाचनात नाही.

हे नियम संघाच्या औदार्याला बाधा आणतात असे काहींना वाटते. आम्हांस तसे वाटत नाही, परंतु त्यांवर पांघरूण घालणेही आम्हांस मान्य नाही. नियमामागचे कारण ग्रंथातच नमूद आहे, आणि ते कारण लोकांचे भय व लोकांची तक्रार हे आहे. संघ गावाच्या भिक्षेवर जगत होता. गावाने दार लावले तर संघाला अन्न नाही. आज कारखानदार किंवा ठेकेदार हेच कारण निराळ्या शब्दांत सांगतो. तथापि दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नियम झाल्यावर अंगुलिमालास संघातून काढण्यात आले नाही. शिवाय दुक्कटाचा दोष लागतो तो प्रव्रज्या देणाऱ्या भिक्षूला. आणि यांपैकी एकही नियम चोराच्या मुलाविषयी नाही. लिखितक तोच, ज्याने स्वतः चोरी केली.

इंग्रज सरकारने नेमकी हीच मर्यादा ओलांडली. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा प्रथम उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासह सर्व ब्रिटिश मुलखास लागू करता येऊ लागला आणि १९२४ मध्ये त्याचे एकत्रीकरण झाले. जमात जाहीर झाली की तिच्यातील माणसांची नोंदणी व्हावयाची, बोटांचे ठसे घेतले जावयाचे, ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागावयाची, मुक्काम बदलल्यास कळवावे लागावयाचे. न्यायालयात एकही गुन्हा शाबीत झालेला नसताना माणूस जन्मतःच लिखितक ठरला. ज्याला ठरावीक वेळी हजेरीला परत यावयाचे आहे, त्याने सुगीच्या कामाला दहा गावे पलीकडे जावे कसे? कामावाचून राहावे तर भटका व संशयित, आणि कामासाठी बाहेर पडावे तर हजेरी चुकविणारा अपराधी, अशी ही कोंडी होती.

मुंबई इलाख्यातील अधिकाऱ्यांना ही कोंडी कळत होती, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. स्टार्ट या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांची रचनाच रोजगाराभोवती होती. सोलापूरच्या वसाहतीतील माणसे तेथील कापडगिरण्यांत कामास जात. काम मिळाले खरे, पण ते तारेच्या कुंपणातले काम होते. गिरणीला बांधील मजूर मिळाला आणि सरकारला पहारा स्वस्त पडला. याच स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली १९२८ साली अस्पृश्य व आदिवासी वर्गांच्या स्थितीची चौकशी करणारी समिती नेमण्यात आली. तिचे एक सदस्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते व तिचा अहवाल १९३० मध्ये सादर झाला. पुढे १९४८ च्या अस्पृश्यांविषयीच्या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी गुन्हेगार जमाती, आदिवासी आणि अस्पृश्य यांचा एकत्र उल्लेख करून, असे वर्ग निर्माण करणाऱ्या संस्कृतीलाच जाब विचारला आहे.

अय्यंगार समितीच्या अहवालानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला व या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. पण १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा आला. तो व्यक्तीस लागू होता, जमातीस नव्हे. कागदावर हा भेद मोठा आहे. ठाण्यातली नजर मात्र तीच राहिली. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) ही आत्मकथने ज्यांनी वाचली आहेत, त्यांना याचा निराळा पुरावा द्यावयास नको.

भीमेच्या दोन्ही तीरांवरील शिरूर व दौंड हा मुलूख या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. येथे ऊस आहे, न्हावऱ्याचा घोडगंगा व पाटसचा भीमा हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले, रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे, दौंडला रेल्वेचे जंक्शन आहे. म्हणजे रोजगाराचे नावच नाही असा हा प्रदेश नव्हे. येथील फासेपारधी, रामोशी, कैकाडी, वडार कुटुंबांच्या वाट्याला मात्र बहुधा ऊसतोड, वीटभट्टी, कांदाकाढणी, शेताची राखण अशी कामे येतात, कारण या कामांत कोणी कागद मागत नाही. रामोश्यांची राखण तर जुनी. गावाचा पहारा त्यांच्याकडे असे आणि संशयही त्यांच्यावरच असे. त्या इतिहासात उमाजी नाईकांचे बंड येते; ते येथे विस्तारभयास्तव सोडतो.

औद्योगिक वसाहतीत किंवा सरकारी सेवेत शिरावयाचे तर चारित्र्य पडताळणीचा दाखला लागतो. दौंड येथे राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट आहेत, क्रमांक पाच व सात. भरतीत उतरणाऱ्या तरुणाला अटक, खटला, शिक्षा यांविषयी लिहून द्यावे लागते. वस्तीतून चौकशीसाठी कितीदा उचलून नेले, त्याचे उत्तर एका ओळीत कसे लिहावे? सर्वोच्च न्यायालयाने अवतार सिंग खटल्यात (२०१६) असे सांगितले की, क्षुल्लक गुन्ह्याची माहिती दडविली गेली असली तरी नियोक्ता ती नजरेआड करू शकतो. तसेच खरी माहिती दिली म्हणून नियोक्त्याने नेमणूक केलीच पाहिजे असेही नाही. म्हणजे अखेर प्रश्न नियोक्त्याच्या मनावर आला. किरकोळ गुन्ह्यात परिवीक्षेवर सुटलेल्यांना मात्र १९५८ च्या कायद्याच्या बाराव्या कलमाचा आधार आहे: त्या दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता त्यांना लागत नाही. आमच्या तरुण कार्यकर्त्यांनी हे कलम तोंडपाठ करावे.

दाखल्यांची दुसरी बाजूही आहे. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जमातीला १९५० पूर्वीचा, तर विमुक्त जातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो. फासेपारधी पहिल्या यादीत, राजपारधी दुसऱ्या. ज्यांना शाळेच्या पटावर कोणी घेतले नाही आणि सातबाऱ्यावर ज्यांचे नाव नाही, त्यांच्या आजोबांची लेखी नोंद सरकारने ठेवली ती हजेरीच्या दप्तरात!

आता पालि वाङ्मयातले दुसरे उत्तर. दीघनिकायातील कूटदन्त सुत्तात राज्य चोरांनी पोखरले असता पुरोहित राजाला सांगतो की, वध, बंधन, दंड, हद्दपारी यांनी हा उपद्रव मिटणार नाही. जे मागे उरतील ते पुन्हा त्रास देतील. शेतकऱ्यास बी-बियाणे व वैरण, व्यापाऱ्यास भांडवल आणि राजसेवकास अन्न व वेतन दे. आपापल्या कामात गुंतलेली माणसे राज्याला पीडा देणार नाहीत. चक्कवत्तिसीहनाद सुत्तात हाच क्रम उलटा दाखविला आहे: निर्धनांस धन न दिल्याने दारिद्र्य वाढले, दारिद्र्याने चोरी वाढली. तेथे राजा पहिल्या चोराला धन देतो, आणि चोरी केली की धन मिळते असे पाहून इतर लोक चोरी करू लागतात. सुत्तकाराची दृष्टी भाबडी नाही, हे यावरून दिसते. चोरी झाल्यावर दिलेले दान उशिराचे; काम त्याआधी द्यावे लागते. विनयाचा नियम संघापुरता होता, संघाला गावाचे मन सांभाळणे भाग होते. राजाला ती सबब नाही, कारण बियाणे, भांडवल व वेतन त्याच्याच हाती आहेत.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातीनुसार कामवाटप घटनाबाह्य ठरविले. कैद्यांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढावा, तसेच विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानीने अटक होणार नाही याची पोलिसांनी दक्षता घ्यावी, असेही न्यायालयाने सांगितले. हा निर्णय शिरूर आणि दौंडच्या ठाण्यांसही लागू आहे. त्याची मराठी प्रत वस्त्यांवर वाचून दाखविण्याचे काम आमच्या विहारांनी हाती घ्यावे, असे आम्हांस वाटते. पारध्यांच्या वस्तीवर जाण्याचा संकोच आपल्याही काही उपासकांत आहे, तेवढा आधी सोडावा लागेल.