तंजावरच्या पाहुण्या पक्ष्यांची ऊब

तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी महाराजांनी (राज्यकाल १७९८–१८३२) दरबारी चित्रकारांकडून पक्ष्यांची चित्रे काढवून घेतली. त्यांपैकी काही आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. चोच, पंजे, पिसांचे रंग सारे त्यांत उतरले. देहातील उष्णतेचा हिशेब मात्र कुंचल्यास मांडता येण्याजोगा नव्हता.

तो पुढे कोडिक्करईस मांडला गेला. १९९१ पर्यंत तंजावर जिल्ह्यात असलेल्या या भूशिरावर १९६७ साली अभयारण्य झाले. डॉ. सलीम अलींच्या पुढाकाराने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने तेथे पक्ष्यांच्या पायांत कडी घातली, त्यांची वजनेही घेतली.

ऋतू कोणताही असो, पक्ष्याचा देह सुमारे ४० अंश सेल्सिअसवर राहतो. बदलतो तो त्यासाठी पडणारा खर्च. थंडीत पिसे फुगवून, स्नायू थरथरवून ऊब राखावी लागते. घामाच्या ग्रंथी नसल्याने उन्हाळ्यात चोच उघडून धापा टाकाव्या लागतात. सायबेरियास परतण्यापूर्वी इवलेसे टिलवे अंगी चरबी साठवितात. वाटेतले इंधन तेच.

ही चरबी किनाऱ्याच्या चिखलातील किड्यांवर पोसली जाते. चित्रे लंडनात सुरक्षित आहेत. चिखल राखणे मात्र अधिकाराच्या खुर्चीवर बसणाऱ्या आम्हां मंडळींच्या हाती आहे.