नाकेबंदी, गस्त आणि पाणसुरुंग

* नाकेबंदी : पहिल्या महायुद्धात ब्रिटनने जर्मनीची कोंडी तिच्या बंदरांच्या तोंडाशी नव्हे, दूरवरून केली. शेटलंड बेटांच्या उत्तरेकडील समुद्रात ब्रिटिश गस्ती जहाजे तटस्थ देशांची मालवाहू जहाजे अडवत आणि झडतीसाठी ऑर्कनी बेटांवरील कर्कवॉल बंदरात पाठवत. पाण्याखालून निसटणाऱ्या पाणबुड्यांपुढे ही गस्त अपुरी पडे. म्हणून १९१८ मध्ये अमेरिकी व ब्रिटिश नौदलांनी ऑर्कनीपासून नॉर्वेच्या दिशेने सुमारे ७०,००० पाणसुरुंग वेगवेगळ्या खोलीवर पेरले. ते काढताना १९१९ मध्येही खलाशी मेले. शस्त्रसंधीनंतरही नाकेबंदी जुलै १९१९ पर्यंत चालली. उपासमार व कुपोषणाने जर्मनीत लाखो नागरिक दगावले; वाचकांनी हा हिशेबही ध्यानात ठेवावा. — संपा.