बेथेस्दाचे तळे : एका प्रक्षेपाचा अर्थ

योहानकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात यरुशलेमेतील बेथेस्दा तळ्याकाठी येशू ३८ वर्षे आजारी असलेल्या माणसाला बरे करतो. बरे होण्याची इच्छा आहे काय, या प्रश्नाला तो सरळ होकार देत नाही. पाणी हालते तेव्हा आपल्याला तळ्यात सोडणारे कोणी नाही, आपण पोचण्याआधी दुसराच उतरतो, एवढेच गाऱ्हाणे तो मांडतो. पाणी का हालते आणि आधी उतरल्याने काय साधते, हे मात्र त्याच्या बोलण्यातून कळत नाही.

प्रचलित संहितेतील चौथे वचन ही उणीव भरून काढते : देवदूत वेळोवेळी पाणी हालवी व त्यानंतर प्रथम उतरणारा बरा होई. हे वचन पपायरस ६६ व ७५ या प्राचीन हस्तलिखितांत नाही. चौथ्या शतकातील व्हॅटिकन व सिनाई प्रतींतही नाही. त्यातील काही शब्द योहानाच्या लेखनात अन्यत्र आढळत नाहीत. तो प्रक्षेप आहे, याविषयी पाठचिकित्सकांत आज फारसे दुमत नाही. तथापि इ. स. २००च्या सुमारास तर्तुलियनला देवदूताची ही कथा ठाऊक होती. परंपरा प्राचीन असणे आणि ती मूळ संहितेचा भाग असणे, या दोन भिन्न गोष्टी होत.

समासातील टीप संहितेत शिरली, असे म्हणून हा प्रश्न निकालात काढता येत नाही. चौथे वचन स्वीकारले की तळ्याच्या सामर्थ्याची ग्वाही स्वतः निवेदक देतो. मग जो अधिक धडधाकट, त्यालाच कृपा लाभावी, ही व्यवस्थाही ईश्वरी ठरते. ते वगळले की उरतो तो केवळ रुग्णाचा समज. निवेदक त्याला दुजोरा देत नाही, त्याचे खंडनही करीत नाही. येशू त्याला पाण्यापर्यंत नेत नाही. बाज उचलून चालायला सांगतो.

ऑगस्टीनने तळ्याच्या पाच पडव्यांत मोशेचे पाच ग्रंथ पाहिले. पुढे संत अ‍ॅनच्या चर्चजवळील उत्खननात दोन कुंडे व त्यांमधील आडवी भिंत सापडली, तेव्हा पडव्या केवळ रूपकात्मक मानण्याचे कारण उरले नाही. अर्थात स्थळ खरे ठरल्याने चमत्कार सिद्ध होत नाही. वास्तव स्थळालाही प्रतीकार्थ असू शकतो.

मार्काच्या पाचव्या अध्यायातील रक्तस्रावी स्त्रीच्या बरे होण्याचे श्रेय तिच्या विश्वासाला दिलेले आहे. येथे विश्वासाचा उल्लेखच नाही. बरे करणाऱ्याचे नावही या माणसाला माहीत नसते. शब्बाथ दिवशी बाज उचलल्याबद्दल त्याला हटकले जाते, आणि पुढे मंदिरात येशू पुन्हा भेटल्यावर तो जाऊन त्याचे नाव सांगतो. हे कृतज्ञतेने, भीतीने की निव्वळ भाबडेपणाने? पाण्याच्या हालण्याचा खुलासा करणाऱ्या परंपरेने येथे मात्र एकही वचन जोडलेले नाही.