मिस्सी, स्नो आणि सुरमा

ईदची सुट्टी संपवून नांदगावची शाळा उघडली, त्या दिवशी आमच्या दुसरीच्या वर्गातली एक मुलगी पांढराफटक चेहरा करून आली. अम्मीची पावडर, मोठ्या बहिणीची लाली, आणि डोळ्यांतला सुरमा थेट कानापर्यंत ओढलेला. वर्ग खो खो हसला. आम्ही विचारले, "हे काय, बेटा?" ती ऐटीत म्हणाली, "टीचर, मी गोरी झाले!"

मुलांनी नटावे, त्यात गैर काही नाही. मात्र तिला म्हणायचे होते 'छान दिसते' आणि तोंडी आले 'गोरी'. तो शब्द आम्हाला दिवसभर टोचत राहिला.

या शब्दाला डबीबाटलीचाही इतिहास आहे. 1919 साली मुंबईत ई. एस. पाटणवाला यांनी 'अफगाण स्नो' बाजारात आणले. अफगाणिस्तानच्या बादशहाला ते पाहून आपल्याकडचे बर्फ आठवले, म्हणून हे नाव, असे सांगतात. कोकणातला चाकरमानी आणि जहाजावरचा खलाशी गावी येताना ट्रंकेतून साबण, अत्तर, पावडर, स्नो आणायचा. 1952 मध्ये टाटांचे 'लॅक्मे' निघाले. पण खरी मेख मारली ती 1975 मध्ये हिंदुस्थान लिव्हरच्या 'फेअर अँड लव्हली'ने. गोरी तीच गोड, हे नावातच ठरून गेले. स्थळ बघायला आलेल्या बायका जे कुजबुजत, ते आता ट्यूबवर छापून मिळू लागले! अमेरिकेत 2020 साली काळ्या लोकांवरील अन्यायाविरुद्ध आंदोलन पेटले, त्यानंतर कंपनीने 'फेअर' काढून 'ग्लो' घातले. आमच्या वर्गापर्यंत तो बदल अजून पोचायचा आहे.

सुरम्याची गोष्ट वेगळी. तिथे काळजी रंगाची नाही, शिशाची आहे. हदीसमध्ये 'इस्मिद'चा उल्लेख आहे आणि तो सहसा अँटिमनीचा दगड मानला जातो. पण बाजारात सुरमा म्हणून मिळणारी पूड पुष्कळदा गॅलिना, म्हणजे शिशाचे खनिज असते. लहान मूल डोळे चोळते, तीच बोटे तोंडात घालते. शिसे पोटात गेले की मेंदूच्या वाढीला अपाय करते. मुलीच्या नानीला हे सांगितले तेव्हा त्या रागावल्या. "आमचे डोळे काय फुटले?" म्हणाल्या. आम्ही गप्प बसलो. पण दुसऱ्या दिवशी पोरगी सुरमा न घालता आली.

त्या दिवशी धडा बाजूला ठेवून वर्गाला मिस्सीची हकीकत सांगितली. दात आणि हिरड्या काळ्या करण्याची ही पूड. उत्तरेत आणि दख्खनेत मुसलमान घरांतल्या बायका ती हौसेने लावत. महाराष्ट्रातल्या हिंदू सुवासिनीही दातवण लावून दात काळे करत. (तंबाखू भाजून केलेली मशेरी ती ही नव्हे.) काळेभोर दात हे तेव्हा रूपाचे लक्षण होते. पांढऱ्या दातांची नवी नवरी कुणाला बघवत नसे.

वर्ग अवाक. आमची गोरी मुलगी मात्र विचारात पडली होती. शेवटी हात वर करून तिने विचारले, "टीचर, दात काळे, मग त्या हसायच्या कशा?"

"हसायच्या ना," आम्ही म्हणालो, "दात दिसावेत म्हणूनच हसायच्या."

तिने हळूच ओठ उघडून शेजारणीला आपले दात दाखवले. पुढचे दोन पडलेले होते.