आदेशामागची माणसं

१९९८ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, आर्लिंग्टन इथं ‘ट्रीटमेंट अ‍ॅडव्होकसी सेंटर’ ही संस्था सुरू झाली. संस्थापक डॉ. ई. फुलर टोरी हे मानसोपचारतज्ज्ञ. त्यांच्या धाकट्या बहिणीला ऐन तारुण्यात स्किझोफ्रेनिया झाला. त्यामुळं डॉक्टरची खुर्ची आणि नातेवाइकांचा बाक, दोन्ही त्यांच्या परिचयाचे होते. ‘मला काहीही झालेलं नाही’ असं मनापासून मानणाऱ्या आपल्या माणसाला गोळी द्यायची कशी, या घरोघरच्या प्रश्नासाठी त्यांनी कायद्याची वाट धरली.

या प्रश्नाला इतिहास होता. १९५५ मध्ये अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत सुमारे ५ लाख ५९ हजार माणसं होती. मग नवी औषधं आली. १९६३ मध्ये गावोगावी मानसिक आरोग्य केंद्रं उभारण्याचा कायदा झाला. रुग्णालयं रिकामी होत गेली, केंद्रं मात्र ठरली होती तेवढी उभी राहिली नाहीत. कित्येक रुग्ण फुटपाथवर आणि तुरुंगात पोहोचले. पुढं सक्तीनं भरती करायची तर रुग्ण स्वतःला किंवा इतरांना धोकादायक आहे, हे सिद्ध करावं लागे. म्हणजे आजार विकोपाला जाईपर्यंत घरच्यांनी नुसतं बघत राहायचं! संस्थेचं म्हणणं होतं की, औषध सोडून पुन्हा पुन्हा कोसळणाऱ्या रुग्णाला न्यायालयाच्या आदेशानं, पण घरी राहूनच उपचार मिळावेत.

३ जानेवारी १९९९ रोजी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेस्थानकात केंड्रा वेबडेल या तरुणीला एका अनोळखी माणसानं गाडीखाली ढकललं. त्याला स्किझोफ्रेनिया होता. केंड्राच्या आईवडिलांनी सूडाची नाही, उपचारांची मागणी केली. संस्थेनं पाठपुरावा केला आणि त्याच वर्षी ‘केंड्राज लॉ’ आला. उपचार सुटल्यामुळं ३६ महिन्यांत किमान दोनदा भरती व्हावं लागलं असेल, किंवा हिंसा घडली असेल, अशा प्रौढ रुग्णासाठी न्यायालयाकडे अर्ज करता येतो. त्याला वकील मिळतो, डॉक्टरची साक्ष होते. आदेश मोडला तरी बळजबरीनं औषध देता येत नाही. तपासणीसाठी रुग्णालयात नेऊन फार तर ७२ तास ठेवता येतं.

न्यूयॉर्कनं कायद्याच्या जोडीला सेवांसाठी मोठा पैसाही दिला. आदेश झालेल्या प्रत्येकाची जबाबदारी ठरावीक कार्यकर्त्यावर किंवा पथकावर आली. २००९ च्या मूल्यमापनात रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण घटलेलं दिसलं.

कॅलिफोर्नियात २००२ मध्ये ‘लॉराज लॉ’ मंजूर झाला. पण अंमलबजावणी काउंटींच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांच्या, मर्जीवर सोडली आणि वेगळा निधी दिला नाही. ज्या लॉराचं नाव कायद्याला दिलं, ती तिथल्याच नेवाडा काउंटीत मारली गेली होती; त्या काउंटीतही काम सुरू व्हायला २००८ उजाडलं. इतरत्र कायदा बराच काळ कागदावरच राहिला.

संस्थेची वाटचाल पुढं चालू राहिली. २०१६ मध्ये अशा योजनांना केंद्रीय अनुदान मिळू लागलं. २०२४ मध्ये मेरीलँडनं कायदा केल्यावर असा कायदा नसलेली मॅसॅच्युसेट्स आणि कनेक्टिकट ही दोनच राज्यं उरली.

विरोधही तितकाच मनापासूनचा आहे. खुनात बळी पडलेल्यांची नावं कायद्यांना दिल्यानं प्रत्येक रुग्णाकडे संशयानं पाहिलं जातं. न्यूयॉर्कमध्ये आदेश कृष्णवर्णीयांच्या वाट्याला जास्त आले. आदेशांच्या परिणामाबद्दलही शंका आहे. इंग्लंडमध्ये असे आदेश डॉक्टर काढतात. तिथं २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आदेश असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही गटांतले ३६ टक्के रुग्ण वर्षभरात पुन्हा भरती झाले.

मला या साऱ्या वाटचालीत एक गोष्ट सतत टोचते. केंड्राला ढकलणारा तो माणूस उपचार नाकारत नव्हता. तो स्वतःच्या पायांनी पुन्हा पुन्हा रुग्णालयात जात होता, मदत मागत होता. त्याच्यासाठी देखरेखीचं घर आणि नियमित भेटणारा कार्यकर्ता मिळत नव्हता. आदेश रुग्णाला बांधतो, तसाच तो व्यवस्थेलाही बांधत असेल, तरच त्या सक्तीला नैतिक आधार उरतो.

आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात असा आदेश नाही. पण रुग्णालयातून घरी सोडताना पुढच्या उपचारांचं नियोजन करण्याची जबाबदारी त्यात आहे. सक्ती हवी की नको, हा वाद जरूर व्हावा. त्याआधी आपल्या तालुक्यात घरी सोडलेल्या रुग्णाचं दार पुढच्या आठवड्यात कोण वाजवणार आहे, ते विचारू या.