नर्मदेच्या हिरव्या वळशाने : जबलपूरहून स्वतःच्या वाहनाने सहल कशी आखावी

जबलपूर : आयर्लंड, न्यूझीलंड किंवा श्रीलंका यांसारख्या हिरव्या बेटदेशांत भाड्याची मोटार घेऊन गोलाकार फेरी पूर्ण करण्याचा प्रघात आता भारतीय पर्यटकांच्याही अंगवळणी पडला आहे. एकदा गेलेल्या रस्त्याने शक्यतो परतायचे नाही आणि वाटेलाच सहलीचा गाभा मानायचे, हे त्या प्रवासाचे सूत्र असते. याच सूत्राने आखता येईल असा एक वळसा महाराष्ट्राच्या सीमेपासून काही तासांच्या अंतरावर आहे. जबलपूरहून निघून मंडला, कान्हा, अमरकंटक आणि डिंडोरी या मार्गाने पुन्हा जबलपूरला येणारी ही फेरी सुमारे साडेसहाशे किलोमीटरची आहे. नर्मदेचा उगम, तिचे प्रपात, सालवृक्षांची अरण्ये आणि गोंड राज्यांचे अवशेष या एकाच फेरीत पाहता येतात.

मराठी वाचकाला नर्मदा नवखी नाही. गो. नी. दांडेकर आणि जगन्नाथ कुंटे यांच्या लेखनामुळे परिक्रमेची ओढ महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचली. जबलपूरचे चित्रकार आणि लेखक अमृतलाल वेगड यांनी अनेक वर्षे या नदीकाठाची पायी यात्रा केली. इतिहासाचाही धागा आहे. १७८१ मध्ये गढा-मंडल्याचे राज्य सागरच्या मराठ्यांकडे आले. १७९८ मध्ये पेशव्यांनी नर्मदाखोऱ्याचा हा भाग नागपूरकर भोसल्यांना दिला आणि १८१७-१८ मध्ये तो इंग्रजांच्या ताब्यात गेला. मात्र येथे वर्णिलेली फेरी म्हणजे परिक्रमा नव्हे. परिक्रमेत नदी ओलांडायची नसते, या मार्गावर ती अनेकदा ओलांडावी लागते.

जबलपूरपर्यंत पोहोचताना

नागपूर ते जबलपूर हे अंतर सुमारे पावणेतीनशे किलोमीटर आहे. नागपूरहून राष्ट्रीय महामार्ग ४४ ने सिवनीमार्गे लखनादौनपर्यंत आणि तेथून राष्ट्रीय महामार्ग ३४ ने जबलपूरला जाता येते. मुंबईकडून येणाऱ्यांसाठी ७०१ किलोमीटर लांबीचा समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून पूर्ण खुला झाला आहे. सरळ आणि एकसुरी रस्त्यावर डोळा लागण्याचा धोका मोठा असतो. म्हणून मुंबई ते जबलपूर हा पल्ला एका दिवसात न गाठता नागपूरला मुक्काम करणे शहाणपणाचे ठरते.

नागपूर सोडल्यानंतर महामार्ग पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जातो. महाराष्ट्राच्या हद्दीतील पट्ट्यात वन्यप्राण्यांना रस्त्याखालून जाता यावे म्हणून ९ उन्नत बांधकामे केली असून त्यांतील सर्वांत लांब बांधकाम ७५० मीटरचे आहे. वाघांसह अनेक प्राणी या मार्गांचा वापर करतात, हे स्वयंचलित कॅमेऱ्यांनी टिपले आहे. या पुलांवर वाहन थांबवून खाली डोकावणे धोक्याचे आणि त्या व्यवस्थेचा हेतूच मोडणारे आहे.

रेल्वेने किंवा विमानाने जबलपूरला येऊन तेथून मोटार भाड्याने घेण्याचाही पर्याय आहे. स्वतः चालवण्यासाठी कायदेशीररीत्या भाड्याने दिल्या जाणाऱ्या वाहनाची क्रमांकपट्टी काळी व अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या पट्टीचे खासगी वाहन पैसे देऊन घेतल्यास अपघाताच्या वेळी विमा नाकारला जाण्याची शक्यता असते. वाहन ताब्यात घेताना टायर, ब्रेक, दिवे आणि स्टेपनी तपासावी, आधीच्या ओरखड्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत आणि विम्याची मुदत पाहावी.

हंगाम कोणता निवडावा

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा. पावसाळ्यात निसर्ग हिरवागार असला तरी नदीतील नौकाविहार बंद राहतो आणि कान्ह्याचे गाभाक्षेत्र १ जुलै ते ३० सप्टेंबर पर्यटकांसाठी बंद असते. पूर मोठा आला की धुवांधार धबधबाही पाण्याखाली जाऊन दिसेनासा होतो. ऑक्टोबरमध्ये पाणी भरपूर, रान हिरवे आणि हवा स्वच्छ असते. डिसेंबर-जानेवारीत कान्हा आणि अमरकंटक येथे पहाटे गवतावर हिम गोठण्याइतकी थंडी पडते. उघड्या जिप्सीतून जंगलात जायचे असल्याने कानटोपी, हातमोजे आणि जाड शाल जवळ असावी. एप्रिलनंतर जबलपूरचा पारा चाळिशीपार जातो. वाघ दिसण्याची शक्यता तेव्हा वाढते, पण लहान मुले व वृद्ध सोबत असल्यास हा काळ टाळावा.

शरद पौर्णिमेला भेडाघाटला नर्मदा महोत्सव होतो, तर माघ शुद्ध सप्तमीला नर्मदा जयंती असते. या दिवसांत अमरकंटक आणि ग्वारीघाट येथे मोठी गर्दी असते. उत्सव पाहायचा असल्यास निवासाची सोय बरीच आधी करावी, नसल्यास त्या तारखा वगळाव्यात.

पहिले दोन दिवस : भेडाघाट आणि जबलपूर

जबलपूरपासून वीस-पंचवीस किलोमीटरवरील भेडाघाटला नर्मदा संगमरवरी कड्यांमधून वाहते. सुमारे तीन किलोमीटर लांबीच्या या घळीत पांढऱ्या, निळसर आणि गुलाबी छटांचे कडे दोन्ही बाजूंनी उभे आहेत. एका ठिकाणी ते इतके जवळ येतात की माकड या काठावरून त्या काठावर उडी घेई, अशी आख्यायिका आहे. म्हणून त्या जागेला बंदरकूदनी म्हणतात. पंचवटी घाटावरून नावा सुटतात. सकाळच्या उन्हात कड्यांचे रंग उठून दिसतात. जवळच्या टेकडीवर कलचुरी काळातील चौसष्ट योगिनी मंदिर आहे. सुमारे तीस मीटरवरून कोसळणाऱ्या धुवांधारचे तुषार धुरासारखे उठतात, यावरून त्याला हे नाव पडले. समोरच्या काठावर जाण्यासाठी रोपवे आहे.

भेडाघाट-लमेटाघाटचा परिसर २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाला. भारतात डायनोसॉरच्या अस्थी प्रथम १८२८ मध्ये जबलपूरलाच सापडल्या. विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याला त्या मिळाल्या आणि पुढे १८७७ मध्ये त्या प्राण्याचे ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ असे नामकरण झाले.

दुसरा दिवस शहरासाठी ठेवावा. मदनमहाल किल्ला, राणी दुर्गावती संग्रहालय आणि तोल सावरून उभा असलेला प्रसिद्ध ‘बॅलन्सिंग रॉक’ एका दिवसात पाहून होतात. २२ मे १९९७ च्या भूकंपातही हा शिलाखंड ढळला नाही. कमानिया गेट हे १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेस अधिवेशनाचे स्मारक होय. संध्याकाळी खव्याच्या जिलबीची चव घेऊन ग्वारीघाटावरील आरतीला जाता येते.

बरगी : जलाशय आणि त्याखालची गावे

जबलपूरपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर बरगी धरण आहे. नर्मदेवरील मोठ्या धरणांपैकी हे पहिले. त्याचा विस्तीर्ण जलाशय सूर्यास्ताच्या वेळी अतिशय देखणा दिसतो. पण या पाण्याने जबलपूर, मंडला आणि सिवनी या तीन जिल्ह्यांतील १६२ गावांना झळ पोहोचली, हेही पर्यटकाने लक्षात ठेवावे. काठावर मासेमारी करणाऱ्या अनेक कुटुंबांची शेती याच पाण्याखाली गेली आहे.

पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत या धरणाच्या २१ पैकी काही दरवाजांतून पाणी सोडले जाते. त्यामुळे खालच्या ग्वारीघाट, तिलवाराघाट, लमेटाघाट आणि भेडाघाट येथे पाणी अल्पावधीत चढते. कोरडा दिसणारा खडकही तुषारांमुळे शेवाळलेला व निसरडा असतो. कठड्यापलीकडे उतरून छायाचित्र काढण्याचा मोह टाळावा आणि स्थानिक नावाड्यांचा इशारा अखेरचा मानावा.

तिसरा ते पाचवा दिवस : मंडला आणि कान्हा

जबलपूरहून राष्ट्रीय महामार्ग ३० ने मंडला सुमारे ९५ किलोमीटर आहे. वाटेत बरेलानजीक राणी दुर्गावतीची समाधी लागते. मोगल सैन्याशी लढताना २४ जून १५६४ रोजी तिने देह ठेवला. मंडल्याला नर्मदेने तीन बाजूंनी वेढले आहे आणि तेथेच बंजर नदी तिला मिळते. शहराजवळ काळ्या खडकांमधून अनेक धारांनी वाहणारी सहस्रधारा आहे. सुमारे वीस किलोमीटरवरील रामनगरला गोंड राजा हृदयशाहाने सतराव्या शतकात बांधलेला मोतीमहाल नदीकाठी उभा आहे.

मंडल्याहून कान्ह्याचे खटिया-किसली प्रवेशद्वार सुमारे ६५ किलोमीटरवर आहे. सिवनी-पेंचचा साग मागे पडून येथे सालाचे वन सुरू होते. साल पूर्ण निष्पर्ण होत नाही, त्यामुळे ही अरण्ये उन्हाळ्यातही हिरवी दिसतात. १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालेल्या कान्ह्याचे गाभाक्षेत्र ९४० चौरस किलोमीटर आहे. वाघाइतकेच महत्त्व येथील कठीण भूमीवरील बारशिंग्याला आहे. १९७० मध्ये येथे हे प्राणी केवळ ६६ उरले होते. संरक्षणामुळे त्यांची संख्या पुन्हा शेकड्यांत गेली.

गाभाक्षेत्रात स्वतःचे वाहन नेता येत नाही. नोंदणीकृत जिप्सी व मार्गदर्शक घेणे बंधनकारक आहे. आरक्षण वनविभागाच्या संकेतस्थळावर करावे आणि त्यात नमूद केलेले मूळ ओळखपत्र सोबत ठेवावे. बुधवारी दुपारची फेरी बंद असते. वाघ दिसलाच पाहिजे अशा हट्टाने मार्गदर्शकावर दबाव आणू नये. दोन-तीन फेऱ्यांची तरतूद ठेवल्यास जंगल अधिक चांगले समजते.

सहावा ते आठवा दिवस : अमरकंटक आणि परतीची वाट

कान्ह्याहून मंडल्याला परत येऊन डिंडोरीमार्गे अमरकंटक गाठणे हा सोपा मार्ग आहे. अडीचशे किलोमीटरच्या आसपासच्या या प्रवासाला सहा ते सात तास लागतात, म्हणून सकाळीच निघावे. मैकल पर्वतरांगेत, समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून अधिक उंचीवर अमरकंटक वसले आहे. नर्मदा येथून पश्चिमेला जाते, तर शोणचा उगम मानले जाणारे सोनमुडा येथून जवळच आहे. नर्मदाकुंड, अकराव्या शतकातील कलचुरी मंदिरे, कपिलधारा आणि दूधधारा ही मुख्य स्थळे होत. तेराशे किलोमीटरहून अधिक वाहणारी नदी येथे ओहोळाएवढी पाहताना प्रवासाला अर्थ येतो.

परतताना राष्ट्रीय महामार्ग ४५ ने डिंडोरी आणि शहपुरामार्गे जबलपूर सुमारे सव्वादोनशे किलोमीटर पडते. डिंडोरी जिल्ह्यातील पाटणगढ हे गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम यांचे गाव. तेथील घराघरांत आजही चित्रे रंगवली जातात. खरेदी थेट चित्रकाराकडून करावी आणि किंमत फार पाडून मागू नये. शहपुऱ्याजवळील घुघुवा येथे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींच्या जीवाश्मांचे राष्ट्रीय उद्यान आहे. तेथील अश्मीभूत तुकडे उचलणे हा गुन्हा आहे.

वाहन चालवताना

नकाशाच्या अॅपवर गावाचे नाव टाकताना जिल्हा अवश्य पाहावा. डिंडोरी शोधताना नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी समोर येऊ शकते. शहपुरा नावाची गावेही दोन आहेत. एक डिंडोरी जिल्ह्यात, दुसरे जबलपूरच्या पश्चिमेला, आणि दोन्ही राष्ट्रीय महामार्ग ४५ वरच आहेत. जंगलपट्ट्यात मोबाइलचे जाळे विरळ असल्याने नकाशे आधीच उतरवून घ्यावेत. इंधन मंडला आणि डिंडोरी येथे भरून घ्यावे.

वाहन परवाना, आरसी, विमा व पीयूसी ही कागदपत्रे डिजीलॉकरमध्ये असल्यास ग्राह्य धरली जातात. फास्टॅगमध्ये पुरेशी रक्कम असावी. दिवसाचा पल्ला अडीचशे किलोमीटरच्या आत ठेवावा आणि सूर्यास्तापूर्वी मुक्काम गाठावा. संध्याकाळनंतर चितळ, रानडुकरे आणि मोकाट गुरे रस्त्यावर येतात. एक चितळ रस्ता ओलांडताना दिसले तर मागून आणखी येणार, असे समजून वेग कमी करावा. वन्यप्राण्यांना खाद्य देऊ नये. खाण्याच्या आशेने रस्त्याला चिकटलेले माकड शेवटी चाकाखाली येते.

आणीबाणीत ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक उपयोगी पडतात. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यास मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण दिले आहे. त्यामुळे चौकशीच्या भीतीने पुढे निघून जाण्याचे कारण उरलेले नाही.

वेळ कमी असल्यास अमरकंटक वगळून जबलपूर-मंडला-कान्हा ही पाच दिवसांची सहल करता येते. स्थळे कमी झाली तरी चालतील, वेग वाढवू नये. या खोऱ्यातील रस्ते नदी आणि अरण्य यांच्या सोबतीने जातात. त्यांच्या गतीने चाललेल्या कुटुंबाला जबलपूरला परतल्यावर, आठ दिवसांपूर्वी भेडाघाटला पाहिलेले पाणी अमरकंटकच्या कुंडातून निघून कोणत्या वाटेने तेथवर पोहोचते, हे नकाशाविना सांगता येईल.